विचारा, सांगतो : अल्बिनोनीचा अडाजिओ फुकटात का मिळत नाही?

प्रश्न : दादा, नमस्कार. माझी मुलगी व्हायोलिन शिकते. तिला अल्बिनोनीचा जी मायनरमधला अडाजिओ, म्हणजे तो संथ लयीचा पीस, वाजवायचाय, यूट्यूबवर ऐकला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही तिला. आता अल्बिनोनी वारून पावणेतीनशे वर्षं होत आली, मग त्याची नोटेशन फुकट असायला पाहिजे ना? पण जिथं जातो तिथं एकतर पैसे मागतात नाहीतर कुणीतरी घरी टाईप केलेली पीडीएफ मिळते आणि दोन पीडीएफ एकमेकीशी जुळत नाहीत. ओरिजिनल कुठं मिळंल? – एक पालक, धुळे

उत्तर : भाऊ, गणित तुमचं बरोबर आहे, माणूस चुकलाय. तो अडाजिओ अल्बिनोनीचा नाहीच! हाव, सीडीच्या कव्हरवर, यूट्यूबवर, सगळीकडे त्याचंच नाव असतं तरीपण. तोमासो अल्बिनोनी हा व्हेनिसचा, १६७१ ते १७५१, म्हणजे विवाल्डीच्याच गावचा आणि त्याच काळातला माणूस. आणि हा अडाजिओ पहिल्यांदा छापून आला १९५८ मध्ये. म्हणजे आपल्या आजोबांच्या लग्नात लाऊडस्पीकरवर जी पिक्चरची गाणी लागायची त्यांच्याच वयाचा आहे हा पीस.

लिहिला रेमो जाझोत्तो नावाच्या इटालियन अभ्यासकानं. या माणसाचा अल्बिनोनीवर खरंच मोठा अभ्यास होता, त्याच्यावर पुस्तक लिहिलेलं, त्याच्या रचनांची यादी केलेली, त्यामुळं तो जे म्हणाला त्यावर लोकांनी पटकन विश्वास ठेवला. म्हणाला काय, तर दुसऱ्या महायुद्धात ड्रेस्डेन शहरावर बॉम्ब पडले, तिथल्या लायब्ररीतला एक तुकडा आपल्या हाती लागला, त्यावर खालच्या सुरांची एक ओळ आणि व्हायोलिनचे थोडेसे बार (ठरावीक मात्रांचे तुकडे) एवढंच होतं, आणि तेवढ्यावरून आपण बाकीचा पीस उभा केला. तो तुकडा मात्र त्यानं लोकांसमोर कधी ठेवला नाही. आता तुकडा होता की नव्हता यावर अभ्यासकांना भांडू द्या. आपल्याला ऐकताना जे भिडतं, ती हळूहळू खाली उतरणारी सुरावट, तो खालून येणारा ऑर्गनचा आवाज, ते सगळं विसाव्या शतकातलं काम आहे. आणि गंमत म्हणजे छापील प्रतीवर जाझोत्तोचं नाव असतं, यूट्यूबवाल्यांनी तेवढं गाळलं.

पैसे का मागतात ते आता कळलं असेल. आपल्याकडं रचनाकार वारल्यावर ६० वर्षं कॉपीराईट चालतो, जाझोत्तो वारला १९९८ मध्ये, म्हणजे भारतात २०५८ साल संपेपर्यंत हा पीस कुणाच्या तरी मालकीचा आहे, आणि युरोपात ७० वर्षांचा हिशोब असल्यामुळं तिकडं अजून दहा वर्षं जास्त. म्हणून तो फुकटच्या लायब्ररीत नाही आणि म्हणूनच त्या पीडीएफ जुळत नाहीत, कारण त्या कुणी कुणी कानानं ऐकून उतरवलेल्या, कुणी सोपं करायला सूर बदललेले, कुणी स्केलच बदललेली. त्यावर पोरीनं मेहनत करायची आणि मग सरांनी म्हणायचं हे काय शिकून आलीस, त्यापेक्षा विकत घ्या. मूळ प्रकाशक रिकॉर्डी, इटलीतलं मिलान. मागताना ‘व्हायोलिन आणि पियानो’ची आवृत्ती असं स्पष्ट सांगा, कारण मूळ रचना तंतुवाद्यांचा ताफा आणि ऑर्गन यांच्यासाठी आहे, नुसतं नाव सांगितलं तर सगळ्या ताफ्याचं जाड पुस्तक गळ्यात पडू शकतं. आपल्याकडं धुळ्या-जळगावच्या दुकानात कीबोर्ड, तबला, गिटारच्या तारा सगळं मिळंल, छापील नोटेशन सहसा नाही. मुंबईत धोबी तलावला फुर्ताडोस आहे, जुनी पेढी, तिथं आधी फोन करून विचारा, उगाच रात्रीची गाडी पकडून जाऊ नका.

पण खरं सांगू का, मला विचाराल तर पोरीला खरा अल्बिनोनी द्या. ओपस ९ (ओपस म्हणजे छापलेल्या संग्रहाचा नंबर) मधला दुसऱ्या नंबरचा कॉन्चेर्टो, म्हणजे मुख्य वाद्य आणि साथीला ताफा, डी मायनर, ओबो या फुंकवाद्यासाठी लिहिलेला, १७२२ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला. त्याची मधली मूव्हमेंट, म्हणजे मधला भागही अडाजिओच आहे, आणि माझ्या मते त्या प्रसिद्ध अडाजिओपेक्षा सरस आहे, कमी रडकी आहे. ओबोची नोटेशन व्हायोलिनवर जशीच्या तशी वाचता येते, स्केल बदलायची भानगड नाही. आणि हे पूर्ण फुकट आणि कायदेशीर.

मिळवायचं आयएमएसएलपीवरून. जुन्या संगीताची नोटेशन फुकट देणारी ही साईट २००६ पासून चालू आहे, हिचं दुसरं नाव पेत्रुची लायब्ररी, व्हेनिसमध्ये १५०१ साली छपाईयंत्रावर संगीत छापणाऱ्या पेत्रुचीच्या नावावरून. सर्चमध्ये इंग्रजीत अल्बिनोनी आणि ओपस ९ टाका. पान उघडलं की घाई करू नका, त्यात वेगवेगळे टॅब असतात. एकात पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळी वाद्यं एकाखाली एक. एकात पार्ट्स, म्हणजे प्रत्येक वाद्याचा सुटा कागद. एकात अरेंजमेंट्स, म्हणजे दुसऱ्या वाद्यांसाठी केलेली रूपं. तुम्हाला पार्ट्स किंवा अरेंजमेंट्स लागतील. मेंबर नसाल तर डाऊनलोडच्या आधी थोडे सेकंद थांबवतात, आणि बऱ्याचदा आजूबाजूला जाहिरातींची मोठमोठी डाऊनलोड बटणं असतात, त्यावर बोट ठेवू नका, फोनमध्ये नसतं ते ॲप येऊन बसतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो नाहीतर कागद हातात आल्यावर परत पत्र लिहाल. जुन्या छपाईत सगळ्यात खालच्या ओळीखाली बारीक आकडे दिसतील, ६, ७, कुठं ४ आणि ३ एकावर एक. ते बोटांचे नंबर नाहीत. त्या काळी हार्पसीकॉर्डवाला फक्त खालचा सूर आणि ते आकडे बघून वरचे कॉर्ड स्वतः भरायचा. आपल्याकडं साथीला जो कीबोर्डवाला बसेल त्याला हे जमेलच असं नाही, बहुतेक नाहीच जमणार, म्हणून त्याच्यासाठी कुणीतरी कॉर्ड लिहून दिलेली आवृत्ती घ्या, नाहीतर बिचारा एका बोटानं खालचे सूर वाजवत बसेल.


प्रश्न : दादा, मी जळगावची, ऑनलाईन व्हायोलिन शिकते. सरांनी विवाल्डीचा ए मायनर कॉन्चेर्टो दिलाय. त्यांच्या पुस्तकात वेगळे नोट्स आणि मी डाऊनलोड केलेल्या पीडीएफमध्ये वेगळे. सर म्हणतात तुझं चुकीचं, पण पीडीएफवर तर विवाल्डीचंच नाव आहे. – एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : ताई, दोघांचंही बरोबर असू शकतं. पहिले हे नक्की कर की दोघांकडं एकच कॉन्चेर्टो आहे का, कारण विवाल्डीनं पाचशेच्या आसपास कॉन्चेर्टो लिहिले, त्यात ए मायनरचे एकाहून जास्त. क्लासमध्ये जो सगळे वाजवतात तो ओपस ३ नंबर ६, आणि त्याचा पक्का पत्ता आरव्ही ३५६. हे आरव्ही म्हणजे पेटर रियोम नावाच्या डॅनिश अभ्यासकानं केलेल्या यादीतला नंबर. ओपस नंबर विवाल्डीच्या हयातीत जे छापलं गेलं त्यालाच आहेत, आणि त्याचं बरंच संगीत तर हस्तलिखितातच पडून होतं. १९२६ मध्ये इटलीतल्या एका धार्मिक शाळेनं जुन्या वह्यांचा ढीग विकायला काढला तेव्हा त्यात विवाल्डी निघाला, आता ते सगळं तुरिनच्या लायब्ररीत आहे. त्या ढिगातल्या रचनांना ओपस कुठून येणार, म्हणून आरव्ही. ‘फोर सीझन्स’चेच बघ, २६९, ३१५, २९३ आणि २९७, ऋतू ओळीनं आणि नंबर कसेही.

समजा दोघांकडं ३५६ च आहे. मग फरक आवृत्तीचा. व्हायोलिनच्या क्लासेसमध्ये सुझुकीचं जे चौथं पुस्तक चालतं त्यातला विवाल्डी तिवादार नाचेझ या हंगेरियन व्हायोलिनवादकाच्या आवृत्तीवरून घेतलाय. नाचेझ एकोणिसाव्या शतकातला गडी, वारला १९३० मध्ये, त्या काळच्या पद्धतीप्रमाणं त्यानं बोईंग (गज कसा ओढायचा त्याच्या खुणा) आपल्या मनानं घातलं, हळू-मोठ्याच्या खुणा भरल्या आणि काही जागी चक्क सूरही बदलले. तुझी पीडीएफ जर १७११ च्या ॲमस्टरडॅमच्या छपाईवरून केलेली असेल तर त्यात यातलं काही नसणार, कोरडीठाक दिसेल. फाईलच्या पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरात एडिटरचं नाव असतं, आयएमएसएलपीवर तर फाईलच्या बाजूलाच लिहिलेलं असतं, ते वाच. मला स्वतःला नाचेझचं तिखट-मीठ नाही आवडत, पण क्लासमध्ये सगळ्यांनी मिळून वाजवायचं असेल तर सरांचंच पुस्तक घे, एकटीनं वेगळे सूर वाजवून काय मिळणार? परीक्षेला बसणार असशील तर सिलॅबसमध्ये कोणती आवृत्ती लिहिलीय ते आधी बघ आणि मग प्रिंट काढ.

आणि हो, मूळ १७११ चं स्कॅन बघायला मजा येते, पण त्यात सगळा स्कोअर एकत्र शोधू नकोस. तेव्हा प्रत्येक वादकाचं वेगळं पुस्तक छापायचे, या ओपस ३ ची आठ पुस्तकं होती.


प्रश्न : आमचं लग्नाचं बँड पथक आहे. आजकाल लग्नात नवरीच्या एन्ट्रीला इंग्रजी राजघराण्यात वाजतं तसं ट्रम्पेट पाहिजे म्हणतात. आम्ही पर्सेलचं ट्रम्पेट व्हॉलंटरी शोधून राहिलोय, पर्सेलच्या यादीत सापडत नाही. आणि एक कागद मिळाला त्यात चार शार्प, पोरं वाजवेनात. – बँड मास्टर, अमळनेर

उत्तर : मास्टर, पर्सेल या जुन्या इंग्रज रचनाकाराच्या यादीत सापडणारच नाही, कारण तेही पर्सेलचं नाही! आज सगळे असेच निघाले. ते जेरेमाया क्लार्कचं, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवायचा तो. १७०० च्या सुमाराची रचना, खरं नाव ‘प्रिन्स ऑफ डेन्मार्क्स मार्च’. एकोणिसाव्या शतकात ऑर्गनसाठी छापताना पर्सेलचं नाव पडलं आणि मोठं नाव एकदा चिकटलं की निघत नाही. १९८१ मध्ये चार्ल्स आणि डायनाच्या लग्नात त्याच सेंट पॉल्समध्ये हे वाजलं, तुमच्या गिऱ्हाइकांनी तेच बघितलेलं असणार. क्लार्कच्या नावानं शोधा, लगेच मिळंल, रचना जुनी असल्यामुळं पैशाचा प्रश्न नाही.

चार शार्पचं, म्हणजे सूर अर्धा स्वर चढवायच्या त्या खुणांचं, कारण सांगतो. मूळ पीस डी मेजरमध्ये आहे आणि तुमचे ट्रम्पेट, क्लॅरिनेट बी फ्लॅटचे, म्हणजे कागदावर सी वाजवला की कीबोर्डवरचा बी फ्लॅट ऐकू येतो. म्हणून त्यांच्या कागदावर सगळं एक पूर्ण स्वर वर लिहावं लागतं, डी चा ई मेजर होतो, त्यात चार शार्प. आल्टो सॅक्सवाल्याचे तर पाच होतील, तो उठूनच जाईल. त्यापेक्षा म्यूजस्कोअर नावाचं फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या, त्यात हा पीस टाका आणि सगळाच खाली बी फ्लॅट मेजरमध्ये उतरवा. मग ट्रम्पेट-क्लॅरिनेटच्या कागदावर साधा सी मेजर, एकही शार्प नाही, आणि आल्टो सॅक्सला जी मेजर, एकच शार्प. नवरीला काय कळतंय स्केल उतरलीय म्हणून. फक्त म्यूजस्कोअरचं सॉफ्टवेअर वेगळं आणि त्याच नावाची लोकांनी अपलोड केलेल्या नोटेशनची साईट वेगळी, त्या साईटवर बऱ्याच गोष्टींना पैसे लागतात, तिथं कार्डाचा नंबर टाकायच्या आधी बघा.

एन्ट्रीपुरतं पहिलंच कडवं दोनदा घ्या, पुरतं. नंतर मंडळी अहिराणी गाण्यांवर नाचायलाच उतरणार आहेत, बाकीचं क्लार्क कोण ऐकतंय!


प्रश्न : स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. हार्मोनियम येते. बाखचं मिन्युएट सरगममध्ये कुठं मिळंल का? – चाळीसगाव

उत्तर : तयार पुस्तक शोधत बसू नका, स्वतः उतरवा, एका संध्याकाळचं काम आहे. तुम्ही म्हणता ते जी मेजरचं मिन्युएट (जुन्या नाचाच्या चालीची छोटी रचना) असणार, लहान मुलांना पहिलं तेच देतात. (तेही बाखचं नाही हो! बाखच्या बायकोच्या, ॲना माग्डालेनाच्या १७२५ च्या वहीत ते उतरवलेलं होतं म्हणून बाखच्या नावावर गेलं. ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्तियान पेत्सोल्ड याचं ते. मात्र शोधताना बाखच्याच नावानं शोधा, बीडब्ल्यूव्ही म्हणजे बाखच्या रचनांची यादी, तिचं परिशिष्ट ११४, सगळे अजून तिथंच ठेवतात.)

जी म्हणजे सा धरा, तीन मात्रा मोजा. सुरुवात अशी : प, मग एका मात्रेत दोन दोन करून सारे गम. पुढच्या बारला प, सा, सा, एक एक मात्रा. मग ध, आणि परत दोन दोन करून मप धनि. आणि मग वरचा सा, खालचा सा, सा. झाले चार बार. सगळे शुद्ध स्वर, बिलावल थाटच म्हणा. पुढं कागदावर जिथं सूर शार्प झालेला दिसेल तिथं थांबून बघा तो तुमच्या साच्या हिशोबात कोणता पडतो, सी शार्प आला तर तो तीव्र म. डावा हात सध्या सोडून द्या, भाता तोच सांभाळतो.

सोपं अजून एक हवं असेल तर पाखेलबेलच्या कॅननची खालची ओळ घ्या, डी म्हणजे सा : सा प ध ग म सा म प. झालं! हेच आठ सूर शेवटपर्यंत २८ वेळा फिरतात आणि वर तीन व्हायोलिनं एकामागं एक तीच सुरावट वाजवत येतात. तुम्ही ही ओळ धरा आणि घरातल्या कुणाला तरी वरचं वाजवायला लावा.


प्रश्न : आमच्या चर्चच्या क्वायरला यंदा ‘हालेलूया कोरस’ बसवायचाय. इंटरनेटवर हॅण्डलच्या मसायाचं पूर्ण पुस्तक मिळालं, शेकडो पानं, त्यात आमचा भाग सापडेना. झेरॉक्सवाला पण हसला. – भुसावळ

उत्तर : पूर्ण पुस्तक छापूच नका, तो सगळ्या ऑर्केस्ट्राचा स्कोअर आहे. तुम्हाला व्होकल स्कोअर पाहिजे, त्यात चार आवाज आणि खाली पियानो-ऑर्गनसाठी दोन ओळी, बस. हालेलूया दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी येतं, आवृत्तीप्रमाणं नंबर बदलतो, कुठं ४४ कुठं ३९, म्हणून नंबर सोडा आणि दुसऱ्या भागाचा शेवट गाठा. सीपीडीएल नावाची कोरल संगीताची फुकट लायब्ररी आहे, १९९८ पासूनची, तिथं हा एकटा कोरस सुटा मिळतो आणि बऱ्याच फाईलींसोबत मिडी (कॉम्प्युटरनं वाजवायची सुरांची फाईल) असते, ती म्यूजस्कोअरमध्ये उघडून ज्याला जो आवाज पाठ करायचाय तेवढाच मोठा करून ऐकवता येतो. ज्यांना नोटेशन वाचता येत नाही त्यांचं यानं काम होतं, ती ऑडिओ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाका.

हॅण्डलनं मसाया १७४१ मध्ये लिहिलं, त्यामुळं आता रचनेवर कुणाचाच हक्क उरलेला नाही. मात्र वॉटकिन्स शॉ यांची जी नोव्हेलोची आवृत्ती सगळीकडे दिसते ती विसाव्या शतकातली, ती झेरॉक्स करायची नाही, सीपीडीएलवाली करा. टेनर कमी असतील, असतातच, तर आल्टोतल्या एक-दोन ताईंना टेनरच्या ओळीवर पाठवा, पण टेनरची ओळ ट्रेबल क्लेफमध्ये असेल आणि खाली छोटा ८ लिहिलेला असेल तर तो सूर एक सप्तक खाली गायचा असतो हे त्यांना आधी सांगा, नाहीतर त्या सोप्रानोच्याही वर जातील.